धंद्यात उतरण्याआधी हात मळू दे

अरे, खनिजांचे नमुने विकायचा धंदा करायचाय ना? मग पहिलं वर्षभर विकायचं नावच काढू नकोस. वाघोलीच्या, जळगावकडच्या खडीच्या खाणींवर जा, सुरुंगानंतर फुटलेल्या बेसाल्टच्या पोकळ्या बघ. त्यांत वाढणारी स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट ही खनिजं हातात घेऊन ओळखता आली पाहिजेत. अपोफिलाइटचा स्फटिक वरून मोत्यासारखा चमकतो, बाजूने काचेसारखा. ही खूण एकदा डोळ्यात बसली की बसली.

धुण्याची घाई करू नकोस. मी सुरुवातीला ओकेनाइट या तंतुमय खनिजाचा एक सुरेख पांढरा गोळा ब्रशने घासला. कापसासारखे तंतू चिकटून त्याची भिजल्या मांजरासारखी अवस्था झाली, आणि तो परत कधी फुलला नाही. अॅसिड तर झिओलाइटच्या, म्हणजे स्टिल्बाइट-ह्यूलँडाइटसारख्या पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांच्या, जवळही नेऊ नकोस. त्यातलाच लोमोंटाइट नुसता कोरड्या हवेत ठेवला तरी पाणी सोडून भुगा होतो.

कॅव्हनसाइट हे निळं खनिज घेताना भिंग काढच. स्टिल्बाइटवर तो डिंकाने चिकटवून विकणारे आहेत. बुडाशी चकाकणारी कड दिसली तर समजून जा. रंगवलेला ओकेनाइटही सर्रास मिळतो. गुलाबी दिसला की हात मागे.

आणि प्रत्येक नगाला त्याच दिवशी चिठ्ठी लाव: कुठली खाण, कोणत्या महिन्यात निघाला. ‘महाराष्ट्र’ एवढंच लिहिलेला नग फेब्रुवारीत अमेरिकेतल्या टूसॉनच्या खनिज-बाजारात नेलास तर जाणकार उचलून परत ठेवतो. खाण बुजली की ती चिठ्ठी पुन्हा कुणाला लिहिता येत नाही. माझ्याकडे अशा बिनचिठ्ठीच्या दोन पेट्या पडून आहेत, माळ्यावर.