पहिलं भाषण पाठ करू नकोस

टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करायच्या क्लबमधलं पहिलं भाषण, आइसब्रेकर, ४ ते ६ मिनिटांचं असतं आणि विषय तू स्वतःच. तरी पाठ करू नकोस. एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. माझं तसंच झालं होतं. सुरुवातीची आणि शेवटची दोन वाक्यं पक्की कर, मधले मुद्दे चिठ्ठीवर.

इंग्रजीची धास्ती आहे ना? भाषणात सांगायचा प्रसंग आधी घरी मराठीत मोठ्याने सांग, मग इंग्रजीत. शब्द अडला तर ‘अं… अं’ नको, गप्प राहा, श्वास घे. आपल्याला लांबलचक वाटणारी ती शांतता ऐकणाऱ्याला खटकतही नाही.

टेबल टॉपिक्सला मात्र दर वेळी हात वर कर. आयत्या विषयावर १-२ मिनिटं बोलून माझी जीभ जेवढी सुटली, तेवढी व्याकरणाच्या पुस्तकांनी कधीच सुटली नाही.