निम्म्या घरांना कुलूप, निम्म्या घरांत म्हातारी माणसं

प्रश्न : ताई, आमची इमारत डोंबिवली पूर्वेला, १९८२ची. तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, सोळा घरं. त्यांतली सात घरं कायम बंद. पोरं पुण्याला, बंगळुरूला. एक कुटुंब तर न्यू जर्सीत. वर्षातून एकदा येऊन कुलूप उघडतात, घर झाडतात, जातात. बाकीचे आम्ही सगळे साठीच्या पुढचे. समोरच्या दोन इमारती पाडून पत्रे ठोकलेत, आत गवत वाढलंय आणि बिल्डर फिरकत नाही. गल्लीत हवा गेलेल्या गाड्या वर्षानुवर्षं उभ्या. आमच्या जिन्यातलं प्लास्टर पडलं, ते आम्ही दोनदा मारून घेतलं, पुन्हा पडलं. सगळी वस्तीच उतरणीला लागल्यासारखी वाटते. मुलगा म्हणतो, विकून टाका. सुरुवात कुठून करू? आणि बंद घरवाल्यांना जादा आकार लावता येईल का? — एक निवृत्त वाचक, डोंबिवली

उत्तर : काका, तुमच्या पत्रात पत्रे आले, गवत आलं, भंगार गाड्या आल्या. कन्व्हेयन्सचा, म्हणजे इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, मात्र शब्द नाही. माझी सगळी नोकरी सहकार खात्यात गेली, त्यामुळे असं पत्र आलं की मी आधी तोच शब्द शोधते. तुमच्या इमारतीखालची जमीन आज कुणाच्या नावावर आहे? सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढून बघा. मूळ जमीनमालकाचं, नाहीतर त्याच्या चार वारसांचं नाव निघालं, तर तुम्ही सोळा जण चाळीस वर्षं दुसऱ्याच्या जमिनीवरची इमारत सांभाळताय. तुमची वस्ती उतरणीला लागलीय ती इथून. पत्रे आणि गवत नंतरचं.

कायदा सांगतो की सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमिनीचं हस्तांतरण करून द्यायचं. हा कायदा १९६३चा आहे आणि डोंबिवलीत तो किती जणांनी पाळला हे तुम्हाला गल्लीतून एक फेरी मारली तरी कळेल. बिल्डर वारला, फर्म बुडाली, वारस भांडतायत, तरीही रस्ता आहे : मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स. जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना ७ मध्ये अर्ज, त्यावर दोन हजारांचा कोर्ट फी स्टॅम्प, सोबत करारांच्या प्रती, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सातबारा आणि बिल्डरला पाठवलेली नोटीस. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला पालिकेने दिलेली परवानगी, नाही म्हणून कुणी अडवलं तर अडून राहू नका, त्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालतं. जुन्या करारांचं जरा अवघड असतं. १९८५च्या डिसेंबरआधी फ्लॅटच्या करारावर आजच्यासारखं मुद्रांक शुल्क नव्हतं, त्यामुळे तुमच्यातल्या काहींकडे पाच रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरचा पिवळा पडलेला कागद एवढंच असेल. तो लॅमिनेट करू नका, जपून ठेवा. आणि नंतर कुणी फ्लॅट विकले असतील तर मधल्या सगळ्या करारांची साखळी जुळवून ठेवा.

उपनिबंधकांचा आदेश हातात आला की लोक पेढे वाटतात आणि थांबतात. थांबू नका. आदेशाप्रमाणे हस्तांतरणाचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा, मग फेरफार करून सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव चढवायचं. फेरफार न केलेल्या सोसायट्या मी ढिगाने पाहिल्यात. दहा वर्षांनी बिल्डर येतो, सातबारा बघतो आणि सरळ जमीनमालकाच्या वारसांकडे जाऊन बसतो.

आता जिना. प्लास्टर दोनदा मारलं म्हणता, तिसऱ्यांदा मारू नका. आतली सळई गंजते तेव्हा ती फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडते. वर नवा गिलावा थापला की गंज झाकला जातो, थांबत नाही. सळई गंजवणारं पाणी येतं कुठून? बहुतेक वेळा वरच्या बंद घरातून. तिथली नहाणी वापरात नसल्यामुळे ट्रॅपमधलं पाणी सुकतं, त्यातून वास आणि झुरळं वर येतात. एखादा नळ ठिबकत असला तर तो बंद करायला घरात माणूसच नसतो. खालच्याच्या छताला पोपडे येतात, मग डाग, मग चौकातल्या बीमला लांब आडवी भेग. मागच्या बाजूला ड्रेनेजच्या पाइपाच्या सांध्यात पिंपळ उगवलाय का तेही बघा. तो नुसता कापून भागत नाही, मुळापासून काढावा लागतो.

इमारतीला तीस वर्षं झाली की महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. सोसायट्यांसाठीचे आदर्श उपविधीही तिशी उलटल्यावर दर तीन वर्षांनी ती करायला सांगतात. पालिकेच्या यादीवरचा अभियंता घ्या. तो नुसता बघून जाणार असेल तर पैसे देऊ नका. हॅमर टेस्ट, अल्ट्रासोनिक, गरज पडली तर कोअर, म्हणजे आतल्या काँक्रीटचा नमुना, काढून तपासणी, हे अहवालात हवं. अहवालात वर्ग येतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२ब म्हणजे राहत राहत दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ काम. या अक्षरांना घाबरून तपासणी टाळणारे पुष्कळ आहेत. जुलै २०१५ मध्ये तुमच्या शेजारी ठाकुर्लीत मातृछाया इमारत रात्री कोसळली, नऊ माणसं गेली. आठवडाभरात ठाण्याच्या नौपाड्यात कृष्णा निवास पडली, त्यात बारा जण. त्यापेक्षा अक्षर कळलेलं बरं.

पैशांचं बघू. बंद घराला नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचा, आकार लागत नाही. तो भाड्याने दिलेल्या घराला, तोही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. मात्र बंद घरवाल्याला देखभाल वर्गणीत सूटही नाही. 'आम्ही पाणी वापरत नाही, लाइट वापरत नाही' हे गाणं तुम्ही ऐकलंच असेल. थकवली तर सरळव्याजाने जास्तीत जास्त २१ टक्के आणि सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली. खरी मेख निराळीच आहे. तुमचा सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी, अजून मूळ बांधकामखर्चाच्या पाव टक्क्यानेच जमा होत असणार. १९८२ सालच्या साठ हजारांवर पाव टक्का म्हणजे घरटी वर्षाला दीडशे रुपये! पाव टक्का हा किमान दर आहे, सर्वसाधारण सभा तो वाढवू शकते. वाढवा.

पुनर्विकासाचं म्हणाल तर समोरचे पत्रे हाच तुमचा धडा. ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे सभेला दोन तृतीयांश सभासद हवेत, संमती ५१ टक्क्यांची. तुमच्या सोळांचे दोन तृतीयांश म्हणजे अकरा. राहता तुम्ही नऊ. म्हणजे न्यू जर्सीवाल्यांशी गोड बोलणं आलं! दिवाळी पहाटेला फडके रोडवर फिरायला पोरं येतातच, त्या आठवड्यात सभा लावा. बिल्डरकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्क्यांची बँक हमी घ्या, आणि करार नोंदल्याशिवाय एकानेही किल्ली देऊ नका. समोरच्यांनी बहुधा चार महिन्यांचं भाडं हातात पडल्यावर घरं सोडली असतील. विचारून बघा.

मुलाला सांगा, विकायचंच असेल तर कन्व्हेयन्स झाल्यावर. आज विकलंत तर कन्व्हेयन्स नाही म्हणून गिऱ्हाईक भाव पाडूनच मागेल.

प्रश्न : आम्ही पागडीचे भाडेकरू. पालिकेने इमारत धोकादायक ठरवली, मालक म्हणतो रिकामी करा, पाडली की तुमचा हक्क संपला. खरं का? — एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : खोटं. सांगलीच्या एका प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं, की पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरार संपत नाही, कारण खाली जमीन शिल्लक असते. पण इमारत खरोखर मोडकळीला आली असेल तर हक्कासाठी आत बसून राहू नका, बाई. बाहेर पडण्याआधी पालिकेकडून तुमच्या खोलीचं मोजमाप लेखी घ्या, त्यावर तुमचं नाव आणि क्षेत्रफळ हवं. भाडं मालक घेत नसेल तर मनीऑर्डरने पाठवा आणि परत आलेली मनीऑर्डरसुद्धा ठेवा. तोही पुरावाच.

प्रश्न : डोंबिवलीतच स्वस्तात वन बीएचके मिळतोय, रेरा नंबरही आहे. घ्यावा ना? — नवविवाहित वाचक, दिवा

उत्तर : रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची सरकारी नोंदणी, तिचा नंबर आहे एवढ्यावर नाही. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवलेल्या तिथल्याच ६५ इमारती पाडायचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यांत कर्ज काढून राहायला आलेली तुमच्यासारखी जोडपी होती. बांधकाम परवानगीचा क्रमांक घ्या, पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन मूळ फाइलशी पडताळा, माहितीच्या अधिकारात प्रत मागा. बिल्डरचा माणूस 'साहेब, आज टोकन दिलं तरच हा भाव' म्हणाला तर टोकन देऊ नका.