शहरीकरणाचे प्रदूषण शहरातच राहते का? विदर्भातील खेड्यांपुरते एक उत्तर

शहरीकरणामुळे होणारे प्रदूषण आणि त्यातून उद्भवणारे आजार हा प्रश्न मोठ्या शहरांपुरताच मर्यादित आहे का, आणि विदर्भातील खेड्यात राहणाऱ्या माणसाला त्याची झळ कितपत बसते, असे आपण विचारले आहे. मी वर्धा जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायक म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर महामार्गालगतच्या एका वाढत्या गावात राहतो. झळ बसते, आणि काही बाबतींत ती शहरापेक्षा अधिक बसते, असे माझे स्पष्ट मत आहे. शहराचे सांडपाणी, राख आणि धूळ गावाकडे येते, परंतु त्यांची विल्हेवाट लावणारी यंत्रणा नगरपालिकेच्या हद्दीशी संपते. शिवाय ज्याला आपण खेडे म्हणतो, ते अनेक ठिकाणी आता खेडे राहिलेले नाही आणि शहरही झालेले नाही.

पाण्याचेच घ्या. नागपूर शहरातून वाहणारी नाग नदी शहराचे सांडपाणी पोटात घेऊन पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते आणि ते सगळे पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात येऊन साचते. या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, ती सिंचनासाठी. वाहत्या नदीत जी घाण पुढे निघून जात असे, ती जलाशयात थांबते. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद मिळाल्यामुळे जलपर्णी फोफावते, पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि मासळीवर जगणाऱ्या ढिवर समाजाला त्याचा पहिला फटका बसतो. वैनगंगेचे पाणी पिणाऱ्या भंडारा शहराची आणि नदीकाठच्या गावांची तक्रार जुनी आहे. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी २०२१ मध्ये दोन हजार कोटींहून अधिक रकमेचा प्रकल्प मंजूर झाला, ही चांगली गोष्ट आहे. मात्र सांडपाणी निर्माण करणारा आणि ते पिणारा हे दोघे वेगवेगळ्या जिल्ह्यांत राहतात, हे त्यामुळे बदलत नाही.

हवेची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट असून तेथील वीज राज्यभर जाते, तर राख तेथेच राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले होते, म्हणजे ते अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत अगदी वरच्या रांगेत होते. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी परिसरातील शेतांत शिरले. वणी आणि घुग्गुस भागात कोळशाच्या ट्रकांच्या वाटेवर ज्याचे वावर आहे, त्याच्या धुऱ्यालगतच्या (बांधालगतच्या) ओळींतील फुटलेला कापूस वेचणीच्या वेळी करडा दिसतो आणि व्यापारी त्याचा भाव पाडतो. तीच धूळ वेचणाऱ्या बायांच्या छातीतही जाते, पण तिचा हिशेब कुठल्याही काट्यावर होत नाही. शहरांच्या बांधकामाला लागणारी गिट्टीही गावालगतच्या खदानींतूनच जाते. क्रशरवर काम करणाऱ्या मजुराला सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस अनेकदा क्षयरोग समजला जातो आणि त्याच्यावर क्षयरोगाचेच उपचार पुन्हा पुन्हा होतात. सिलिकोसिस झालेल्याला क्षयरोग होण्याची शक्यता मुळातच अधिक असल्यामुळे हा गोंधळ सहज सुटत नाही.

परंतु ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि जी मी नोकरीत रोज पाहिली, ती गावांच्या आत घडते आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ४५ टक्के लोक शहरी आहेत. त्याच जनगणनेत ‘जनगणना-शहर’ (सेन्सस टाऊन) नावाचा एक वेगळा वर्ग मोजला जातो: लोकसंख्या किमान ५,०००, पुरुष कामगारांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात आणि घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, परंतु कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. देशात अशा वस्त्या २००१ मध्ये १,३६२ होत्या, त्या २०११ मध्ये सुमारे ३,९०० झाल्या. तालुक्याच्या गावाला चिकटलेली, एमआयडीसीच्या किंवा महामार्गाच्या कडेची आपली गावे आठवून पाहा, म्हणजे हा आकडा डोळ्यांसमोर येईल. तिथे कापसाच्या वावरात चुन्याच्या रेषा आखून लेआऊट पडते, तीस बाय पन्नास फुटांचे प्लॉट विकले जातात आणि प्रत्येक प्लॉटवर एक घर, एक बोअर आणि एक सेप्टिक टँक तयार होते.

आता हे गणित पाहावे. सेप्टिक टँकमध्ये मैल्यातील गाळ खाली बसतो, परंतु वरून बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू शिल्लकच असतात. उरलेले शुद्धीकरण शोषखड्ड्याभोवतालच्या मातीने करावयाचे असते. भारतीय मानकानुसार शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांच्यात किमान १८ मीटर अंतर हवे. तीस बाय पन्नासच्या प्लॉटचा एक कोपरा ते समोरचा तिरपा कोपरा हे अंतरच १८ मीटर भरत नाही. म्हणजे मालकाने कितीही काळजी घेतली, तरी स्वतःच्या प्लॉटवर हा नियम पाळणे अशक्य आहे, आणि तो पाळता आला असता, तरी शेजाऱ्याचा खड्डा आपल्या बोअरला लागूनच असतो.

त्यात आपली जमीन. पश्चिम विदर्भात आणि वर्ध्याच्या बऱ्याच भागात वर भारी काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा खडक अशी रचना आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी जिरू देत नाही, त्यामुळे शोषखड्डा तुंबून वर येतो. यावर मिस्त्री लोकांनी काढलेला उपाय असा की काळी माती ओलांडून मुरमापर्यंत खोदायचे आणि टाकीच्या तळाला काँक्रीट टाकायचेच नाही. मग टाकी कधी भरत नाही. ‘आमची टाकी बांधली तेव्हापासून उपसावी लागली नाही’ असे लोक मला अभिमानाने सांगत असत, आणि त्याच घरात पावसाळ्यात कावीळ किंवा हगवण निघाली की बाजारातल्या पाणीपुरीला दोष देत असत. खडकाच्या भेगांतून जाणारे पाणी मातीतून गाळले जात नाही, ते जसेच्या तसे शेजारच्या बोअरपर्यंत पोहोचते.

गावातील जलसुरक्षक सार्वजनिक विहिरीत आणि टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, ओटी टेस्ट घेऊन नळाच्या पाण्यात उर्वरित क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे की नाही ते पाहतो. ही व्यवस्था साधी आहे आणि जिथे नीट चालते तिथे साथी थांबतात, हे मी खात्रीने सांगू शकतो. परंतु लेआऊटमधील खासगी बोअर या व्यवस्थेच्या बाहेर असतो. त्याच्यात कोणी पावडर टाकत नाही आणि त्याचा नमुनाही कोणी नेत नाही. जंतू तपासण्याच्या एच-टू-एसच्या लहान बाटलीत असे पाणी भरून आरोग्य उपकेंद्राच्या खिडकीत ठेवावे. आतल्या पट्टीवरचे औषध विरते, पाणी पिवळसर तपकिरी होते, आणि मैल्यातील जिवाणू असतील तर एक-दोन दिवसांत बाटली शाईसारखी काळी पडते. आपल्याकडील उन्हाळ्यात त्यासाठी वेगळ्या उबेचीही गरज पडत नाही. चव, रंग आणि वास यांवरून ‘पाणी चोख आहे’ म्हणणाऱ्या माणसाला पटवण्यासाठी या बाटलीइतके उपयोगी साधन मला दुसरे आढळले नाही.

जंतू क्लोरीनने मरतात, परंतु नायट्रेट जात नाही. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते त्याहून बरेच वाढले, तर आईच्या दुधाव्यतिरिक्त असे पाणी पोटात जाणाऱ्या सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. पाणी उकळल्याने ते कमी होत नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याची तीव्रता वाढते. (यातील काही वाटा कपाशीला दिलेल्या युरियाचाही असतो, तेवढ्यापुरता दोष शहरीकरणाला देता येणार नाही.) जमिनीच्या वरच्या थरातले पाणी खराब झाले म्हणून लोक बोअर अधिक खोल नेतात. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे, आणि त्याचे प्रमाण लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेले की मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात व पुढे हाडे आखडतात. मग घरोघरी आरओच्या थंड पाण्याची कॅन सुरू होते. त्या पाण्यात नायट्रेट आणि फ्लोराइड कमी होत असले तरी क्लोरीन शिल्लक नसतो, त्यामुळे न धुतलेल्या कॅनमध्ये किंवा बुडवलेल्या हाताने ते पुन्हा दूषित होते.

डेंग्यूबद्दल वेगळे सांगितले पाहिजे, कारण तो अशा गावांचाच आजार बनला आहे. गडचिरोलीच्या जंगलातील हिवताप हा वेगळा विषय असून त्याचा डासही वेगळा आहे. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. नळ चार-पाच दिवसांनी येतो म्हणून घरात ड्रम भरलेले असतात, पंक्चरच्या दुकानाबाहेर टायर पडलेले असतात, आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे प्रत्येक घराच्या खिडकीला कूलर असतो. उन्हाळाभर त्यात रोज ताजे पाणी पडते. खरा धोका पहिल्या पावसानंतर सुरू होतो, कारण कूलर बंद होतो, पण टाकीतले वीतभर पाणी तसेच राहते. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या गंजलेल्या कडेला अंडी चिकटवते, आणि ती अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कडा ब्रशने घासून टाकी उन्हात वाळवावी लागते. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास सांगितले जाते त्यामागे हाच हिशेब आहे.

खेड्यातील हवा पूर्वी शुद्ध होती, हे अर्धेच खरे आहे. पऱ्हाटी आणि तुराट्यांवर पेटणाऱ्या चुलीच्या धुराने बायांची फुप्फुसे शहरातील धुराइतकीच खराब केली आहेत, आणि गॅस आल्यामुळे त्यात निश्चित फरक पडला. मात्र पूर्वीच्या उकिरड्यात शेण, काडीकचरा आणि राख एवढेच असे व त्याचे खत होई. आज त्याच उकिरड्यात वेफर्सची पाकिटे, डायपर आणि खऱ्र्याच्या (घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या) पन्न्या असतात. ते खत शेतात नेता येत नाही, म्हणून लोक ते संध्याकाळी पेटवून देतात. खऱ्र्याच्या पन्न्या तर नाल्या तुंबवण्यात सर्वांच्या पुढे आहेत, आणि खर्रा तोंडाचे काय करतो ते आणखी निराळे. या धुरातील सूक्ष्म कण मोजण्याची सोय गावात नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात विदर्भातील नागपूर, चंद्रपूर, अमरावती आणि अकोला ही शहरे आहेत; त्यांच्यापासून वीस किलोमीटरवरील गावात हवा कशी आहे, ते दम्याच्या रुग्णालाच कळते.

शहरीकरणाने गावांचे केवळ वाईटच झाले, असे मी म्हणणार नाही. रस्ता झाल्यामुळे साप चावलेला माणूस आणि अडलेली बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोहोचू लागली, हे मोठे काम आहे. अडचण अशी की आरोग्य यंत्रणेचे माप जुनेच आहे. सपाट भागात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. २०१३ चे नागरी आरोग्य अभियान प्रामुख्याने जिल्ह्याच्या ठिकाणांना आणि ५० हजारांवरील शहरांना लागू होते. बारा हजारांची, अर्धी भाडेकरूंची वस्ती या दोन्हींच्या मध्ये पडते, आणि जनगणना जुनी असल्यामुळे कागदावर तिची लोकसंख्या त्याहूनही कमी असते.

करावे काय, असेही आपण विचारले आहे. जलजीवन मिशनप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचे, तर अशा वस्तीत रोज ६ लाख ६० हजार लिटर पाणी येईल. त्यातील साधारण ८० टक्क्यांचे सांडपाणी होते असे धरतात, म्हणजे रोज सव्वापाच लाख लिटर. नळयोजनेच्या उद्घाटनाला सगळे येतात, पण हे सव्वापाच लाख लिटर कोणत्या नाल्यात सोडायचे, यावर ग्रामसभेत चर्चा झालेली मी क्वचितच ऐकली. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बंधित होती, तरी माझ्या पाहण्यात ती बहुतेक नाल्यांच्या काँक्रिटीकरणावर गेली, ज्यामुळे घाण पाणी फक्त लवकर पुढे जाते. त्याऐवजी आठ-दहा ग्रामपंचायतींनी मिळून मैला गाळावर प्रक्रिया करणारे एक केंद्र उभारावे, टाकी तळासकट पक्की असल्याचे पाहिल्याशिवाय घराची नोंद करू नये आणि लेआऊटला परवानगी देताना प्रत्येक प्लॉटला बोअर न देता सामाईक नळयोजनेची अट घालावी, असे मला वाटते.

आपण स्वतः अशा गावात प्लॉट घेण्याच्या विचारात असाल, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) गावाला पाण्याच्या गुणवत्तेचे कोणते कार्ड मिळाले आहे ते विचारा. लाल, पिवळे आणि हिरवे असे त्याचे रंग असतात, परंतु ते सार्वजनिक स्रोतांचे असते. बोअरचा नमुना स्वतः नेऊन जंतू, नायट्रेट आणि फ्लोराइड या तिन्हींसाठी तपासून घ्या, आणि तो उन्हाळ्यात न घेता पावसाळा लागल्यानंतर घ्या.