मृगाआधी एकदा बादली ओता

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : तळघरातल्या पार्किंगचं पाणी उपसायला खड्ड्यात पंप आहे. गेल्या पावसात ऐन वेळी नुसता गुंऽऽ करत बसला. नवाच घेऊ का?

थांबा. गुणगुणतोय म्हणजे वीज पोचतेय, फिरणं अडलंय. एक तर कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा डबा) गेलाय, नाही तर इम्पेलर (पाणी फेकणारा पात्यांचा चक्का) जाम झालाय. उन्हाळाभर खड्ड्यातला लाल गाळ सुकून दगड होतो, त्यात दुधाच्या पिशवीचा तुकडा सापडला नाही असं क्वचितच होतं! मेन बंद करा, पंप दोरीने वर काढा. केबल धरून ओढू नका, तिथूनच पाणी आत शिरतं. तळाची जाळी खोलून इम्पेलर फिरवून बघा. मोकळा फिरला, तर कपॅसिटर बदलून घ्या, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (हे त्याचं माप). वाइंडिंगला (मोटरीतल्या तारेच्या वेटोळ्याला) जळका वास येतोय आणि शाफ्टही (फिरणारा दांडाही) झिजलाय, तर मात्र अर्ध्या एचपीच्या पंपावर आणखी पैसे घालू नका.

नवा बसवताना तीन गोष्टी सोडू नका. फ्लोटला (पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचला) भिंतीला न घासता वर यायला जागा हवी. डिलिव्हरी पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवा, नाही तर पाइपातलं पाणी परत खड्ड्यात येतं आणि पंप सारखा चालू-बंद होतो. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच, कारण तिथे माणूस ओल्या पायाने उतरतो. मग मृगाआधी चार बादल्या ओता. फ्लोट उचलला, पंप आपोआप सुरू झाला, पाणी उतरल्यावर थांबला, तर बरं.

प्रश्न (खानापूर) : पाऊस जोरात आला की लाइट जाते. खड्ड्यातला पंप इन्व्हर्टरवर चालेल?

घरातल्या छोट्या इन्व्हर्टरवर भरवसा नको. अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट, पण ते शाफ्टवरचे. वीज त्याहून जास्त लागते आणि सुरू होताना तर कैक पट. जनरेटरच बघा, आणि तो तळघरात ठेवू नका. एक तर तो बुडेल, आणि त्याचा धूर बंद जागेत जीव घेतो.

प्रश्न (निपाणी) : संपवरच्या मोनोब्लॉकमधलं (मोटर आणि पंप एकत्र असलेल्या पंपातलं) पाणी रोज उतरून जातं. रोज प्रायमिंग करावं लागतं, म्हणजे वरून पाणी भरावं लागतं.

(पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना ‘संपात पाणी आलं’ म्हटलं की हसू येतं, आपल्याकडे संप म्हणजे जमिनीखालची टाकी.) फूटव्हॉल्व्हमध्ये (पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणाऱ्या झडपेत) कचरा असणार किंवा त्याचं वॉशर गेलंय. पाइपासकट वर ओढून साफ करा. संपात एकट्याने उतरू नका.