यादीतला चौथा रकाना

पोरी,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी दुकानात रांगेत उभा होतो, धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

टीमचा मालक जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू निवडून टीम बांधणारा माणूस, बदलणार आणि त्याआधी सल्ला कुणाला विचारायचा याची यादी तू करायचीस, असंच ना? तू तीन रकाने आखलेस: नाव, अनुभव, फी. चौथा आख. या माणसाने आजवर कुणाकुणाची शिफारस केली आणि ती माणसं त्याची कोण लागतात.

मी अमेरिकेत, न्यू जर्सीत आलो १९७७ साली. इथला अमेरिकन फुटबॉल समजायला दोन वर्षं गेली, पण न्यूयॉर्क जायंट्स या टीमच्या मालकांचं भांडण पहिल्या दिवशी समजलं. सरळसरळ भाऊबंदकी! वेलिंग्टन मारा काका, टिम मारा पुतण्या, निम्मानिम्मा वाटा आणि दोघांत अबोला. १९६३ नंतर टीम प्लेऑफला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीला, पोचलेली नव्हती. नोव्हेंबर १९७८ मध्ये ईगल्सविरुद्ध मॅच खिशात होती. बॉल धरून गुडघा टेकला असता, वेळ संपू दिली असती, तरी भागलं असतं. तो दुसऱ्याच्या हाती द्यायला गेले, निसटला, आणि ईगल्सच्या हर्म एडवर्ड्सने उचलून थेट टचडाऊन केला, मॅच गेली. पुढच्याच महिन्यात मॅच चालू असताना स्टेडियमवर विमान फिरलं, शेपटीला फलक: पंधरा वर्षं भिकार फुटबॉल, आता पुरे.

नवा जनरल मॅनेजर आणायचा तर काकाचं नाव पुतण्याला नको, पुतण्याचं काकाला नको. शेवटी लीगचे कमिशनर पीट रोझेल मध्ये पडले आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये जॉर्ज यंग यांच्यावर एकमत झालं. बाल्टिमोरच्या शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, तेव्हा मायामीच्या टीमकडे होता. आल्याआल्या त्यांनी फिल सिम्स या क्वार्टरबॅकला, म्हणजे डाव चालवणाऱ्या मुख्य खेळाडूला, घेतलं तर लोकांनी हुर्यो उडवली. पुढे यंग यांच्याच कारकिर्दीत दोन सुपर बोल, म्हणजे लीगची अजिंक्यपदं, आले, तेव्हा हुर्योवाले कुठे गेले कोण जाणे.

रोझेलना स्वार्थ नव्हता असं समजू नकोस. न्यूयॉर्कची टीम रडतखडत चालली तर अख्ख्या लीगचं नुकसान. पण तो स्वार्थ काका-पुतण्या दोघांनाही लख्ख दिसत होता, आणि त्यांच्याही फायद्याचाच होता. निःस्वार्थी सल्लागार शोधत बसू नकोस. स्वार्थ कुठे आहे हे दिसणारा शोध.

आता एर्नी अकोर्सी. यंगनंतर जायंट्सच्या जनरल मॅनेजरची गादी त्यांच्याकडे आली. निवृत्तीनंतर माणूस शोधायचा झाला की मालक त्यांना बोलवू लागले. पँथर्स टीमने बोलावलं, २०१३ मध्ये निवडले गेले डेव्ह गेटलमन, जायंट्समधले त्यांचे जुने सहकारी. २०१५ च्या हंगामात पँथर्सचे १५ विजय, १ पराभव, सुपर बोलपर्यंत मजल. म्हणजे ओळखीचा माणूस वाईटच निघतो असंही नाही. नंतर अकोर्सींच्याच सल्ल्याने बेअर्स टीमला रायन पेस मिळाले, लायन्सना बॉब क्विन. पेस यांनी २०१७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, मुद्दाम एक जागा वर सरकून ट्रबिस्की या क्वार्टरबॅकला घेतलं, तेव्हा महोम्स, जो पुढे लीगचा सर्वांत मोठा तारा झाला, अजून शिल्लक होता. पेस आणि क्विन, दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. सल्ला देणाऱ्याची खुर्ची मात्र कधी जात नाही, हे मालकाच्या लक्षात आणून दे.

न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीमचं, जेट्सचं उदाहरण तर चौथ्या रकान्यासाठीच जन्मलंय. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांच्या मालकाने चार्ली कॅसर्ली आणि रॉन वुल्फ या दोन बुजुर्गांना सल्लागार नेमलं. वुल्फ म्हणजे ज्यांनी ग्रीन बे पॅकर्सची टीम उभी केली ते, नाव लहान नाही. निवडले गेले माइक मकॅग्नन, जे पूर्वी कॅसर्लींच्या हाताखाली काम केलेले. पहिलं वर्ष १०-६, पुढची तिन्ही वर्षं पडझड. आणि २०१९ मध्ये ड्राफ्ट त्यांच्याच हातून करून घेऊन मग मे महिन्यात त्यांना काढलं! हे मला आजही कळलेलं नाही.

उलट न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे मालक रॉबर्ट क्राफ्ट. २००० मध्ये बिल बेलिचिकना कोच म्हणून घेऊ नका असं त्यांना कमी लोकांनी सांगितलं नव्हतं. त्याआधी क्लीव्हलंडचे कोच असतानाचा बेलिचिकचा हिशोब ३६ विजय, ४४ पराभव. पण १९९६ मध्ये बेलिचिक क्राफ्टच्याच टीममध्ये सहायक होते, वर्षभर रोज डोळ्यांसमोर. क्राफ्टनी एका कोचसाठी ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड देऊन टाकली, आणि तो सौदा फळला.

तेव्हा मालकाला आधी विचार, त्याने स्वतः कुणाला काम करताना पाहिलंय. मग सल्लागारांना एकेकटं भेट, दोघांना एका टेबलावर बसवू नकोस, दुसरा पहिल्याची री ओढतो. 'कुणाला घ्यावं' हे शेवटी विचार. आधी विचार, तुम्ही कुणाबद्दल चुकलात? नाव, साल सांगितलं तर पुढे बोल. 'तसं बघायला गेलं तर' अशी सुरुवात झाली तर चहा पिऊन ऊठ.

यादी झाली की मला दाखव. आणि हो, माझा धाकटा जावई माणसं शोधून देणाऱ्या एका कंपनीत आहे, असल्या कामांवर त्यांचाही डोळा असतो. हे पत्र फाइलला लावणार असशील तर माझ्या नावापुढचा चौथा रकाना भरूनच लाव.

तुझा,
काका