परतीचा पाऊस थांबला की घर उघड

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

हिंदवाडीत फ्लॅट घेतलास, पहिल्या पगारातून भाडं भरलंस, वाचून फार बरं वाटलं. असंच घर सजवायचं म्हणून पाठवलेले फोटोही पाहिले. तांबड्या पानांच्या माळा, जाड लोकरीची पांघरुणं, दालचिनीच्या वासाच्या मेणबत्त्या. सुंदर आहेत, पण ती बर्फाची वाट बघणाऱ्या मुलखातली घरं. तिथं शरद आला की खिडक्या लागतात आणि माणसं ऊब आत साठवू लागतात. आपल्या बेळगावात जूनपासून कोंडलेलं घर याच दिवसांत उघडायचं असतं. म्हणून सांगते, सजावटीला हात घालण्याआधी घर वाळव.

आपला पाऊस भिंतीत मुरतो. वरून कोरडी दिसणारी भिंतसुद्धा आत ओली असते. बेडरूमच्या कोपऱ्यात रंगाच्या खपल्या निघाल्यात म्हणालीस ना, तिथं वीतभर प्लास्टिकचा तुकडा घे, चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसव आणि एक दिवस तसाच ठेव. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला दव साचलेलं दिसलं तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला दिसलं तर ती नुसती हवेतली, ती खिडक्या उघडल्या की जाते. भिंतीत ओल असताना वर रंग किंवा वॉलपेपर चढवलास तर पैसे वाया जातील. पुढच्या आषाढात सगळं फुगून खाली येईल.

ही ओल बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येत असेल तर दुरुस्ती घरमालकांची. त्यांना आत्ताच, फोटोसह, लिहून कळव. गच्चीचं आणि बाहेरच्या भिंतीचं काम कोरड्या महिन्यांतच नीट होतं. मे महिन्यात जागं होऊन गवंडी शोधणारी माणसं मी खूप पाहिलीत. भिंतीला भोक पाडायचं असेल तेव्हाही आधी विचार. डिपॉझिटचे वाद बहुधा असल्याच बारीक गोष्टींवरून होतात.

खिडक्या सकाळी दहा-अकराला उघड, ऊन उतरायला लागलं की लाव. पहाटेचं धुकं आणि संध्याकाळचा ओलावा आत घेऊ नकोस. दक्षिणेची खिडकी आहे का तुझ्याकडे? जूनमध्ये आपल्या गावावर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तो डोक्यावरून दक्षिणेकडे सरकतो आणि दिवाळीपर्यंत इतका कलतो की त्या खिडकीतून ऊन आत फरशीवर येतं. बसायची जागा, पुस्तकं, गाद्या त्या उन्हाच्या वाटेवर ठेव. कपाट मात्र बाहेरच्या भिंतीला टेकवू नकोस, मागं चार बोटं जागा सोड. आईनं दिलेली वाकळ गच्चीवर दोन दिवस दोन्ही बाजूंनी कडक उन्हात घाल. तीच दिवाणावर अंथर. जुन्या लुगड्यांचे ते तुकडे आणि तो धावदोरा एवढे देखणे आहेत की विकतच्या बेडशीटची गरज नाही.

पडद्यांसाठी शहापूर, वडगाव, खासबागेकडे जा. तिथं अजून माग चालतात. साडीचं कापड पडद्याला छान पडतं, पण पातळ घे, उजेड अडवू नकोस. दिव्यांत एकच बघ: खोक्यावर 2700 किंवा 3000 केल्विन लिहिलेलं असेल तो बल्ब पिवळसर, संध्याकाळी डोळ्यांना निवांत. 6500 चा पांढरा स्वयंपाकघरात ठीक, बसायच्या खोलीत नको.

आता सणांचं. या दोन महिन्यांत आपली सजावट आपोआप बदलत जाते, म्हणून कायमच्या वस्तू थोड्या घे. खानापूरची मातीची भांडी घेच. तू त्याच तालुक्यातली, तुला माहीतच आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था तिथंच आहे. एखादा मोठा गडवा, दोन पसरट परळ, डझनभर पणत्या. परळात पाणी घालून झेंडू-शेवंती सोडलीस की बैठक भरते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा भाव चढतो, तेव्हा घटाच्या माळेपुरता घे. दारचं तोरण आंब्याच्या पानांचंच चांगलं दिसतं, मध्ये मोजकी फुलं ओव.

घट बसवणार असशील तर टोपलीखाली खोल ताट ठेव. रोज पाणी घातलं की खालून पाझरतं आणि फरशीवर डाग राहतो. अखंड दिव्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फ्लॅटला कुलूप लावून ऑफिसला जाताना दिवा जळत ठेवू नकोस. एकटी राहणारी मुलगी सकाळ-संध्याकाळ दिवा लावते, देवीला तेवढं पुरतं. घरी कुणी काही बोललं तर मी सांगितलं म्हण. रात्रीही दिवा पडद्यापासून हातभर लांब असू दे.

उपासाला रताळी आणशीलच, उचगाव-बेकिनकेरेकडची नुकती निघालेली असतात. त्यातलं एक डोळे असलेलं रताळं बाजूला काढ. काचेच्या बरणीच्या तोंडावर काड्यांनी अडकवून अर्धं पाण्यात, अर्धं वर, असं खिडकीत ठेव. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदल. आधी खाली पांढरी मुळं सुटतात, मग वरून जांभळट कोंब येतात आणि दिवाळी झाल्यावर वेल खिडकीच्या गजावर चढलेला असेल. इतकी स्वस्त हिरवाई नर्सरीत मिळणार नाही.

दारं बंद करून मात्र सण करू नकोस. फ्लॅटमध्ये ही सवय पटकन लागते, आणि एकटीनं राहताना तिचाच जास्त त्रास होतो. नवरात्रातली दुर्गामाता दौड तुमच्या भागातून जाईल त्या पहाटे खाली उतर, रस्त्यावर रांगोळी घालणाऱ्या बायकांना हात लाव. दसऱ्याला समोरच्या कन्नड आक्का ‘बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण’, म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखं राहूया, असं म्हणत हातावर पानं ठेवतील, तू त्यांना आपट्याचं सोनं दे आणि पाया पड. पुढं गॅस संपला, ताप आला, किल्ली आत राहिली, तर पहिली हाक त्यांनाच मारायची आहे. कोजागरीला गच्चीवर दूध आटवायचं ठरवा, निदान दोन-तीन घरांनी तरी. खाली पार्किंगच्या कडेला पोरं किल्ला करायला घेतील तेव्हा बुरुजावर पेरायला मूठभर मोहरी दे. चार-पाच दिवसांत हिरवं दिसतं. किल्ल्यामुळं अख्ख्या इमारतीशी ओळख होते.

आकाशकंदील कागदी आण, आत एलईडीचा लहान बल्ब सोड. परतीचा एखादा पाऊस दिवाळीतही गाठतो, म्हणून गॅलरीच्या छताखाली आत टांग. पाडव्याला शेणाचे पांडव करायचे असतील तर जुन्या पाटावर कर, पाट उचलला की फरशी स्वच्छ.

सुगीला घरी जाणारच आहेस. दोन दिवस जास्तीची रजा टाक, आईला भाताच्या कापणीत माणूस कमी पडतं. येताना लोंब्यांची एक जुडी आण. सावलीत उलटी टांगून आठवडाभर वाळव, नाहीतर दाणे झडतात आणि देठ काळे पडतात. मग गॅलरीच्या दाराशी बांध. चिमण्या येतील, लोंब्यातला दाणा चोचीत घेऊन तूस खाली टाकतील. रोज झाडावं लागेल, पण त्यांना हाकलू नकोस.

लाकडी कपाट आणि रंग, दोन्ही डिसेंबरवर टाक. तोवर घरची पत्र्याची पेटी आणून ठेव, वर सतरंजी घातलीस की बसायलाही होते. कोपऱ्यातली ती भिंत तेव्हा पुन्हा प्लास्टिक लावून बघ आणि काय दिसलं ते मला फोन करून सांग. माझ्या ओळखीचा अनगोळचा रंगारी आहे, भिंत कोरडी असेल तर त्याला घेऊन येते.

तुझ्या
बाई