लिथियम बॅटरी घ्या, पण डीलरच्या फायनान्सवर नको

प्रश्न : नागपुरात ई-रिक्षा चालवतो. 44 हजारांचा चार ॲसिड बॅटऱ्यांचा सेट 11 महिन्यांत बसला. जुन्याचे 9 हजार मिळतायत. डीलर म्हणतो, 84 हजारांची लिथियम घ्या; चार्जर सोबत, 3 वर्षं वॉरंटी. 60 हजारांचं फायनान्स 14 टक्क्यांनी, 3,200 चे 24 हप्ते. उरलेले 15 हजार माझ्याकडे आहेत. माझ्या नावावर 70 हजारांची एफडी आहे, ती दोन वर्षांनी मुलीच्या ॲडमिशनला लागेल. तिला हात न लावता हप्त्यावर घेऊ का?

उत्तर : दादा, आधी ते 14 टक्के बघू. हे फ्लॅट व्याज आहे. तुम्ही मुद्दल फेडत जाता, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण 60 हजारांवर लागतं. एकूण 76,800 जातात, त्यातले 16,800 व्याजाचे. बँकेसारखं घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर जवळपास 25 टक्के पडतो.

आता बॅटरी महिन्याला केवढ्याला पडते ते काढा. जुन्याचे पैसे वजा जाता ॲसिडचा सेट 35 हजारांना. 11 महिने टिकला तर महिन्याला 3,180. नीट निगा राखून 14 महिने चालवला तर 2,500. लिथियम 75 हजारांना, वॉरंटीची 3 वर्षंच धरली तर 2,080. डीलरचं व्याज मिळवलं की तीच 2,550 वर जाते. सगळा फायदा व्याजातच गेला! लिथियमला चार्जिंगची वीज कमी लागते. रोज दोन युनिट वाचले आणि युनिटला 9 रुपये धरले, तर 26 दिवसांचे 470 रुपये सुटतात. म्हणून माझा कौल लिथियमलाच आहे, फक्त पैसे दुसरीकडून उभे करा.

एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज काढा. बँका साधारण 90 टक्क्यांपर्यंत देतात, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. 9 टक्के धरून महिन्याला तेच 3,200 भरलेत तर 21 व्या महिन्यात कर्ज फिटतं आणि व्याज पाच हजारांच्या आसपास जातं. एफडीचं व्याज चालूच राहतं. धोका एकच : या कर्जाला बहुधा ठरलेला हप्ता नसतो, त्यामुळे भरणं लांबत जातं. हे पैसे मुलीचे आहेत. खात्यातून दर महिन्याला आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला पहिल्याच दिवशी द्या.

पैसे देण्याआधी वॉरंटी कार्ड वाचा. बॅटरीचा सीरियल नंबर बिलावर हवा, आणि वॉरंटी कंपनीची हवी, डीलरने हाताने लिहून दिलेली नको. जुना ॲसिडचा चार्जर लिथियमला कधीही लावू नका. बॅटरीही जाईल, वॉरंटीही.

आधीचा सेट इतक्या लवकर का बसला, तेही मेकॅनिककडून समजून घ्या. नागपूरच्या मे महिन्यात पाणी भराभर उडतं. प्लेटा उघड्या पडल्या की बॅटरी गेलीच. बँकेचं जमलं नाही आणि पुन्हा ॲसिडच घ्यावी लागली, तर दर आठवड्याला झाकणं उघडून बघा. डिस्टिल्ड वॉटरच टाका, आरओचं चालत नाही, आणि टाकायचं ते चार्जिंग झाल्यावर. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने पुसून वर व्हॅसलीन लावा. ॲसिडला रोज रात्री पूर्ण चार्जिंग लागतं, अर्धवट ठेवली की ती मरत जाते. लिथियमचं तसं नाही. दुपारी तासभर चार्ज केली तरी चालते, फक्त ती पार शून्यावर नेऊ नका. आणि कुठलीही असो, उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, अर्धा तास सावलीत राहू द्या.

कर्ज फिटलं की 3,200 ची आरडी सुरू करा. वॉरंटी संपेपर्यंतच्या 15 महिन्यांत 48 हजार जमतील, आणि पुढची बॅटरी घेताना कर्ज काढावं लागलंच तर ते थोडंच असेल.